गावातलं बांधकाम: आधी पाण्याची वाट, मग पायाची आखणी

गावात शाळेच्या खोल्या, आरोग्य उपकेंद्र, समाजमंदिर किंवा स्वतःचं घर बांधायला काढलं की पहिला फोन बहुतेक वेळा जेसीबीवाल्याला जातो. झाडोरा काढून जागा सपाट झाली की काम सुरू झाल्यासारखं वाटतं. पण जमिनीचं, विहिरींचं आणि ओढ्याचं सगळ्यात मोठं नुकसान याच पहिल्या काही तासांत होतं. वरची कसदार माती खालच्या मुरमात मिसळते, पाण्याची जुनी वाट बुजते आणि पहिल्या वळवात सगळा गाळ खालच्या माणसाच्या शेतात जातो.

शहरातल्या साइटचं पाणी गटारात जातं आणि राडारोडा उचलणारी काहीतरी व्यवस्था असते. गावात तुमच्या साइटवरून वाहिलेलं पाणी शेजारच्या वावरात, तिथून ओढ्यात आणि तिथून गावानं श्रमदान करून गाळ काढलेल्या बंधाऱ्यात जातं. म्हणून गावातल्या कामाची आखणी पाण्यापासून सुरू करावी, असं माझं ठाम मत आहे. पाण्याची वाट आधी ठरली की माती कुठे ठेवायची, मिक्सर कुठे उभा करायचा, कामगारांची राहुटी आणि शौचालय कुठे, डिझेलचा पिंप कुठे, ही निम्मी उत्तरं आपोआप मिळतात.

पुढचे हिशेब साधारण १० गुंठे जागा आणि १०० चौरस मीटरचं जोतं धरून केले आहेत. काम लहान-मोठं असेल तर त्या प्रमाणात आकडे बदलून घ्या.

पहिली पायरी: जागा पावसात कशी दिसेल ते पाहा

उन्हाळ्यात जागा पाहायला गेलात तर ओढा कोरडा असतो आणि सगळी जमीन बांधायला योग्य वाटते. म्हणून तलाठ्याकडचा गाव नकाशा आधी पाहा. त्यावर ओढे-नाले दाखवलेले असतात. त्यानंतर शेजारच्या वस्तीवरच्या दोन-तीन वयस्कर माणसांना घेऊन जागेवर फिरा. "जोराचा पाऊस झाला की पाणी कुठून येतं आणि कुठे थांबतं?" एवढंच विचारा. या माहितीला कुठल्याही सर्वेक्षणाचा पर्याय नाही. जागा नदीकाठी असेल तर जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषा तपासा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या.

मग एका कागदावर हातानंच नकाशा काढा. उताराची दिशा बाणानं दाखवा. वरच्या बाजूनं पाणी कुठून शिरतं, खाली कुठून बाहेर पडतं, जवळच्या विहिरी, बोअर, हातपंप आणि गावाची पाइपलाइन कुठे आहे, मोठी झाडं कुठली, हे सगळं त्यावर मांडा. उताराचा अंदाज ट्यूब लेव्हलनं, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं, तासाभरात येतो.

आता पाण्याचा हिशेब करा. १० गुंठे म्हणजे सुमारे १,०१२ चौरस मीटर. त्यावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर जवळजवळ एक लाख लिटर पाणी होतं. मावळात किंवा कोकणात असा दिवस नवलाचा नाही. उघड्या, दाबलेल्या जमिनीवरून त्यातलं निम्म्याहून जास्त वाहून जातं, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच-सहा टँकर. वरच्या शेतातून येणारं पाणी वेगळंच. एवढं पाणी कुठून जाणार याचं उत्तर नसेल तर जेसीबी बोलवू नका.

याच फेरीत दोन ठिकाणी दीड-दोन मीटर खोल चाचणी खड्डे घ्या. काळी माती किती खोल आहे, मुरूम कुठे लागतो, पाणी किती खोलीवर आहे हे कळतं. काम दुमजली किंवा सार्वजनिक असेल तर मातीची चाचणी प्रयोगशाळेतूनच करून घ्या.

झाडांबाबत गावात एक गैरसमज आहे, की आपल्या मालकीच्या जमिनीतलं झाड आपण हवं तेव्हा तोडू शकतो. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, साग, खैर, हिरडा, ऐन, किंजळ, अंजन अशी झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. ती स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगी लागते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बांधावरचं जुनं झाड माती धरून ठेवतं. आराखडा दोन मीटर सरकवून झाड वाचत असेल तर आराखडा सरकवा. जे झाड राखायचं, त्याच्या फांद्या जिथवर पसरल्या आहेत तिथवर खाली खडी, वाळू टाकू नका आणि गाडी फिरवू नका. मुळं दाबली गेली की झाड दोन वर्षांनी वाळतं आणि तेव्हा कारण कुणालाच आठवत नाही.

झुडपं काढताना किंवा पाया खोदताना वीरगळ, सतीशिळा, जुनी घडीव शिळा लागण्याची शक्यता आपल्याकडे खरोखर असते. तसं झालं तर त्या जागी काम थांबवा, शिळा जेसीबीनं ओढू नका आणि तलाठ्यामार्फत तहसीलदारांना कळवा. देवराईच्या कडेला काम असेल तर हद्द गावकऱ्यांसमोर दोरी लावून ठरवून घ्या.

दुसरी पायरी: कामाचं पंचांग

गावातल्या बांधकामाचं उत्तम वेळापत्रक असं: दसरा-दिवाळीनंतर खोदाई, डिसेंबरपर्यंत जोतं, फेब्रुवारीपर्यंत भिंती आणि स्लॅब, मार्चमध्ये गिलावा. यामागे कारण आहे. काँक्रीट आणि गिलावा ही पाणी खाणारी कामं आहेत आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी विहिरींना पाणी असतं. हवाही थंड असल्यानं क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट-गिलावा मुरेपर्यंत ओला ठेवायला, पाणी कमी लागतं. एप्रिल-मेमध्ये गावाला टँकर येत असताना तुमचा स्लॅब पाण्यानं भरलेला दिसला तर लोकांचा राग रास्त आहे.

सरकारी कामांची मंजुरी मार्चअखेर येते आणि ठेकेदार घाईनं मे महिन्यात पाया खोदतो. असं काम गळ्यात पडलंच तर मृग लागायच्या आत पाया भरून जोत्यापर्यंत मुरमाची भर पूर्ण होईल का, याचा प्रामाणिक अंदाज घ्या. होणार नसेल तर खोदूच नका. उघडा पाया पावसात भरला की कडा ढासळतात, तळ मऊ पडतो आणि पुन्हा खोदावं लागतं.

गावाचं वेळापत्रकही आपल्या वेळापत्रकात मिसळावं लागतं. ऊसपट्ट्यात गळीत हंगामात अरुंद रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते. आंब्याला मोहर आलेला असताना किंवा द्राक्षबागेशेजारून धूळ उडवत गाड्या गेल्या तर नुकसान खरं असतं. बाजाराचा दिवस, जत्रा, शाळा सुटण्याची वेळ हे सगळं सरपंचांशी बसून एका कागदावर लिहून घ्या. गाड्या कुठल्या रस्त्यानं आणि कुठल्या वेळी येतील हेही त्याच वेळी ठरवा.

तिसरी पायरी: खोदाईच्या आधी पाणी वळवा

हे काम एका दिवसाचं आहे आणि माझ्या मते साइटवरचं सगळ्यात मोलाचं.

बाहेरचं पाणी साइटमध्ये शिरूच द्यायचं नाही. त्यासाठी जागेच्या वरच्या बाजूला आडवा चर घ्या, साधारण ४५ सेंटिमीटर रुंद आणि ३० ते ४५ सेंटिमीटर खोल. निघालेली माती चराच्या खालच्या कडेला बांधासारखी दाबून टाका. चराला १०० मीटरला एक मीटरच्या आसपास उतार पुरतो. जास्त उतार दिला तर पाणी चरच कापत जातं. जमीनच तीव्र उताराची असेल तर चरात दर काही मीटरवर दगडांचे बुटके अडथळे रचा. ज्यांनी पाणलोटाची कामं केली आहेत त्यांना यात नवीन काही नाही. गावात समतल चर खणलेले मजूर असतील तर हे काम त्यांनाच द्या, ते जेसीबीपेक्षा नीट होतं.

साइटच्या आत पडलेलं पाणी गढूळ होणारच. ते खालच्या कोपऱ्यात एका ठिकाणी आणून गाळखड्ड्यातून जाऊ द्यायचं. १० गुंठ्यांसाठी दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल खड्डा ही किमान सुरुवात आहे. मध्ये दगडांची आडवी भिंत रचून त्याचे दोन भाग करा, म्हणजे जाड गाळ पहिल्या भागात बसतो. पाणी बाहेर पडतं तिथे दगड पसरा. एक तृतीयांश भरला की गाळ काढा, विशेषतः मोठ्या पावसानंतर लगेच. काढलेला गाळ पुन्हा उतारावर टाकू नका.

गाळखड्डा वाळू आणि मुरमाचा चुरा थांबवतो, काळ्या मातीचा बारीक कण थांबवत नाही. तो कण तासन्‌तास पाण्यात तरंगतो आणि एवढ्याशा खड्ड्यात खाली बसायला त्याला वेळच मिळत नाही. देशावरच्या काळ्या जमिनीत म्हणून खरा उपाय एकच, जमीन उघडी ठेवायची नाही. जेवढ्या जागेवर लगेच काम आहे तेवढीच खरवडा. बाकीचं गवत राहू द्या. खोदलेल्या उतारावर उसाचं पाचट, भाताचा पेंढा किंवा जुनी ताडपत्री पसरा. पेंढ्याचा पातळ थरसुद्धा थेंबाचा मार अडवतो.

सिमेंटच्या रिकाम्या गोण्या इथे कामाला येतात. मुरूम भरून, तोंड शिवून त्या उताराला आडव्या रचल्या की पाण्याचा वेग मोडतो. मात्र त्या प्लॅस्टिकच्या विणीच्या असतात. उन्हात त्यांचे धागे सुटून शेतात पसरतात, म्हणून पावसाळा संपला की उचलाव्या लागतात.

गेटजवळ पाच-सहा मीटर लांबीत मोठ्या दगडांचं सोलिंग, म्हणजे दाबून रचलेला दगडांचा थर, करून घ्या. गाड्यांच्या चाकांचा चिखल तिथेच गळतो आणि गावाचा डांबरी रस्ता निसरडा होत नाही.

चौथी पायरी: माती वेगवेगळी ठेवा

वरचा १५ ते २० सेंटिमीटरचा थर म्हणजे जिवंत माती. त्यात बिया, मुळं, गांडुळं, सगळं असतं. ३०० चौरस मीटर जागा १५ सेंटिमीटर खरवडली तरी ४५ घनमीटर, म्हणजे जवळपास १६ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती निघते. ही माती मुरमात मिसळली तर ती शेताच्या कामाची राहत नाही आणि भरावाच्याही नाही. जेसीबीवाल्याला पहिल्याच बादलीला सांगा: वरचा थर एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. सुपीक मातीचा ढीग दीड मीटरहून उंच करू नका, त्यावर गाडी चढवू नका, आणि काम लांबणार असेल तर त्यावर तागाचं किंवा धैंच्याचं बी फेका. काम संपल्यावर हीच माती अंगणात परत पसरायची आहे. जास्त असेल तर शेजारचा शेतकरी आनंदानं नेईल.

भरावाचं काम गावात सगळ्यात जास्त दुर्लक्षित असतं. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर आमडे इथे उतारावर नवं गाव वसवलं गेलं. २०१७ च्या पहिल्याच पावसात तिथले रस्ते आणि भराव खचल्याच्या बातम्या आल्या. उतार कापून एका बाजूला भर टाकली की ती पहिल्या पावसात बसतेच. ती बांधकामाआधी बसवायची की नंतर बसू द्यायची, एवढंच आपल्या हातात असतं.

म्हणून भर २० ते २५ सेंटिमीटरच्या थरांत टाका. प्रत्येक थरावर पाणी शिंपडा आणि रोलर किंवा धुम्मस (माती ठोकायचं जड अवजार) मारा. ओल पुरेशी आहे का हे पाहायला मूठभर मुरूम दाबून गोळा करा. गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला तर ओल बरोबर आहे. हाताला चिखल लागला तर पाणी जास्त झालंय. जोत्यात काळी माती कधीही भरू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरची फरशी उचलते. उतार कापून मागे भिंत बांधणार असाल तर तिच्यात पाणी निघायला ७५ ते १०० मिलिमीटरच्या नळ्या दर दीड मीटरच्या आत ठेवा आणि भिंतीमागे डबर-खडीचा थर भरा. अशा भिंती बहुधा मागे साठलेल्या पाण्याच्या दाबानं पडतात.

पाचवी पायरी: खोदाई करताना माणूस आणि शेजारचं घर

चर दीड मीटरहून खोल असेल तर कडांना उतार द्या किंवा फळ्यांचा आधार द्या. निघालेली माती कडेपासून किमान एक मीटर लांब टाका. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा असतात आणि उभी कड भक्कम दिसली तरी अचानक सुटते. चरात उतरायला शिडी हवीच. संध्याकाळी काम थांबताना खड्ड्याभोवती दोरी आणि काटेरी फांद्या लावा. गावात गुरं, मुलं आणि अंधार तिन्ही असतात.

कातळ लागला की कुणीतरी सुरुंगाचं नाव काढतं. परवान्याशिवाय स्फोटकं वापरणं गुन्हा आहे, आणि परवानाधारक माणूस असला तरी गावठाणात माझा सल्ला ब्रेकरचाच, म्हणजे कातळ फोडणाऱ्या यंत्राचाच, राहील. पांढऱ्या मातीच्या जुन्या भिंतींना हादरे सोसत नाहीत. खोदाईच्या आधी शेजारच्या घरांच्या भिंतींचे, जुन्या भेगांसकट, फोटो घरमालकाच्या समोर काढून ठेवा. पुढे वाद झाला तर दोघांचंही संरक्षण होतं.

कामासाठी नवीन बोअर घ्यायचा विचार असेल तर महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ लक्षात घ्या. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विहीर किंवा बोअर घ्यायला बंधन आहे.

सहावी पायरी: वाळू, मुरूम, वीट

ओढ्यातली वाळू रात्री भरून आणणारा ट्रॅक्टर प्रत्येक तालुक्यात भेटतो. स्वस्त वाटतो, पण ती वाळू गेली की ओढ्याचं पाणी झिरपायचं थांबतं आणि काठच्या विहिरी लवकर आटतात. वाळू, मुरूम, दगड ही गौण खनिजं आहेत. स्वामित्वधन भरलेली पावती आणि वाहतूक पास मागून घ्या आणि फाइलला लावा. २०१६ च्या आयएस ३८३ या भारतीय मानकानं दगडापासून तयार केलेली वाळू मान्य केली आहे, तेव्हा काँक्रीटला धुतलेली क्रश सँड निर्धास्त वापरा. गिलाव्यासाठी तिचा बारीक प्रकार वेगळा मागावा लागतो.

विटांबाबत एकच नियम सगळीकडे चालत नाही. कोकणात जवळच्या खाणीचा जांभ्याचा चिरा असताना ट्रकनं भाजकी वीट आणण्यात अर्थ नाही. कोराडी, एकलहरे, परळी, भुसावळ अशा औष्णिक वीजकेंद्रांच्या आसपास राखेच्या विटा मिळतात. मात्र त्या पाणी जास्त पितात का ते दोन विटा बुडवून पाहा. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख असते, त्यामुळे क्लिंकर (भट्टीत भाजलेला सिमेंटचा मूळ कच्चा माल) कमी लागतो. गावातल्या नेहमीच्या कामाला ते पुरेसं आहे. फक्त क्युरिंग जास्त दिवस करावं लागतं.

सातवी पायरी: काँक्रीटचं पाणी

सिमेंट मिसळलेलं पाणी तीव्र अल्कधर्मी असतं, सामू (पीएच) १२ च्या आसपास. मिक्सर ओढ्यात धुतला तर त्या डोहातले मासे मरतात, आणि ते पाणी गुरांच्याही पिण्याचं राहत नाही. म्हणून मिक्सर, घमेली, थापी धुवायची जागा एकच ठेवा: दीड मीटर लांब-रुंद, अर्धा मीटर खोल खड्डा, आत जाड प्लॅस्टिकचा कागद, विहिरीपासून आणि उताराच्या वाटेपासून लांब. वर निवळलेलं पाणी रस्त्यावर धूळ दाबायला शिंपडा. खाली घट्ट झालेला थर फोडून सोलिंगमध्ये भरा. मोठा पाऊस येणार असेल तर खड्डा झाका, नाहीतर तो भरून वाहतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

काँक्रीटसाठी पाणी कुठलं? आरसीसीच्या, म्हणजे लोखंड घातलेल्या काँक्रीटच्या, पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमहून जास्त नको. खाडीकाठच्या खाऱ्या विहिरीचं पाणी वापरलं तर आतलं लोखंड काही वर्षांत गंजतं. शंका असेल तर पाण्याचा नमुना तपासून घ्या.

आता क्युरिंगचा हिशेब. १०० चौरस मीटर, १२५ मिलिमीटर जाडीच्या स्लॅबला साडेबारा घनमीटर काँक्रीट लागतं, म्हणजे साधारण १०० पोती सिमेंट. पोत्याला २५ ते २८ लिटर धरलं तर कालवायला अडीच-तीन हजार लिटर पाणी. त्याच स्लॅबवर आळी करून पाच सेंटिमीटर पाणी उभं केलं तर एका भरण्याला पाच हजार लिटर. म्हणजे खरं पाणी क्युरिंगला जातं. आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला (ओपीसी) किमान ७ दिवस, पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान १० दिवस ओलावा हवा. मिश्र सिमेंटला १४ दिवसांपर्यंत वाढवणं चांगलं, आणि कोरड्या-गरम हवेत १० दिवसांहून कमी कुठेच चालत नाही. हे दिवस कमी करून पाणी वाचवू नका.

पाणी वाचवायचं ते बाष्पीभवन थांबवून. १०० चौरस मीटरवरून एक मिलिमीटर पाणी उडालं की १०० लिटर गेलं. आळीऐवजी गोणपाट भिजवून अंथरा आणि त्यावर प्लॅस्टिकचा कागद दगड ठेवून दाबा. पाणी सकाळी आणि उन्हं उतरल्यावर मारा, दुपारी नाही. कॉलमला गोणपाट गुंडाळून सुतळीनं बांधा, नुसता पाइप मारला तर ९० टक्के पाणी खाली मातीत जातं असंच डोळ्यांना दिसतं. गावाच्या नळयोजनेच्या पाण्यावर क्युरिंग करायचं नाही, हे करारातच लिहा.

हात आणि पाय विसरू नका. ओल्या सिमेंटनं कातडी भाजते. काँक्रीट पसरणाऱ्याला गमबूट आणि हातमोजे द्या आणि धुवायला स्वच्छ पाण्याचा ड्रम वेगळा ठेवा.

आठवी पायरी: तेल आणि औषधं

सेंटरिंगच्या, म्हणजे स्लॅबच्या साच्याच्या, प्लेटांना जळकं ऑइल फासायची सवय मोडायला हवी. ते पावसाबरोबर मातीत उतरतं आणि स्लॅबच्या तळाला डाग पडून गिलावा धरत नाही. तयार शटरिंग ऑइल आणा, प्लेटा ताडपत्रीवर ठेवून फडक्यानं पातळ हात द्या. डिझेलचा २०० लिटरचा पिंप पत्र्याच्या अशा तळीत ठेवा की पिंप फुटला तरी सगळं डिझेल तळीतच राहील, म्हणजे निदान २२० लिटर मावणारी तळी. वर छप्पर हवं, नाहीतर तळी पावसाच्या पाण्यानं भरते. बाजूला कोरड्या वाळूची दोन घमेली ठेवा, सांडलं की लगेच टाकायला.

वाळवीच्या औषधाबद्दल मी जास्त आग्रही आहे. ते कीटकनाशक आहे आणि आपल्या काळ्या कातळात (बेसाल्टमध्ये) फटी असतात. विहीर जवळ असेल तर फवारणी करणाऱ्याला ती आधी दाखवा, पाऊस येणार असेल तर काम पुढे ढकला, आणि रिकामे कॅन भोकं पाडूनच परत द्या. हे कॅन घरी नेऊन त्यात पाणी भरण्याची पद्धत अजूनही दिसते.

नववी पायरी: कामगारांची सोय

विजयपूर-कलबुर्गीकडून, मराठवाड्यातून किंवा विदर्भातून आलेली कुटुंबं साइटवरच राहतात. त्यांना शौचालय दिलं नाही तर ते ओढ्याकाठी जातील, यात दोष त्यांचा नाही. काम सुरू व्हायच्या आधी दोन शोषखड्ड्यांचं साधं शौचालय बांधा, विहिरीपासून किमान १५ मीटर आणि उताराच्या खालच्या अंगाला. फटींचा कातळ असेल तर अंतर वाढवा. पिण्याचं पाणी झाकलेल्या टाकीत, तोटी लावून. स्वयंपाकाला ५ किलोचा गॅस सिलिंडर दिला तर बांधावरची झाडं चुलीत जात नाहीत.

एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार काम बंद ठेवा आणि सकाळी लवकर सुरू करा. गावात रात्री दहा ते सकाळी सहा मिक्सर-ब्रेकर चालवायचा नाही. ध्वनिप्रदूषण नियमांत रात्रीची व्याख्या हीच आहे आणि राहत्या भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल आहे. दगड किंवा फरशी कापताना पाण्याची धार हवीच. ती धूळ फुफ्फुसात बसते आणि परत निघत नाही. तोंडाला रुमाल बांधून ती थांबत नाही, त्यासाठी चांगला मास्क लागतो.

विटांचे आणि दगडांचे ढीग राहुट्यांना लागून रचू नका. नाग, घोणस, मण्यार तिथेच येतात. विटा काढताना आधी काठीनं आवाज करायला शिकवा. साप चावलाच तर दोरी आवळू नका, जखम कापू नका, हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवून थेट ग्रामीण रुग्णालयात न्या. गाडीवाल्याचा नंबर भिंतीवर लिहिलेला असू द्या.

वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. हजेरीपुस्तक नीट ठेवलं आणि प्रमाणपत्र वेळेवर दिलं तर त्या कुटुंबाला त्याचा उपयोग होतो. सोबत आलेल्या मुलांना जवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसवण्यासाठी मुख्याध्यापकांशी पहिल्याच आठवड्यात बोला.

दहावी पायरी: जुनं पाडताना आणि राडारोडा उचलताना

जुनं घर जेसीबीनं आडवं करू नका. सागवानी तुळया, खांब, कौलं, घडीव दगड, दारं हातानं उतरवली तर त्यांना किंमत येते आणि बरंचसं नव्या कामात लागतं. पांढरी माती शेतात चालते, पण त्यात सिमेंट-चुन्याचे तुकडे नकोत. छपरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ते भिजवून, न फोडता, आख्खे काढा, करवतीनं कापू नका आणि त्यांचा चुरा भरावात टाकू नका.

विटांचे तुकडे आणि काँक्रीटचा राडारोडा सोलिंगखाली किंवा गेटच्या रस्त्यात वापरा. ओढ्याच्या काठावर "भर" म्हणून तो टाकायचा नाही, कुणी मागितला तरी. काठ पुढे सरकला की पुराचं पाणी समोरच्या काठावर चढतं. रिकाम्या गोण्या, थर्माकोल, पाइपचे तुकडे संध्याकाळी एका पोत्यात जमा करून भंगारवाल्याला द्या. साइटवर काहीही जाळायचं नाही.

या सगळ्याची रोज पाच ओळींची नोंद मुकादमाकडून वहीत करून घ्या: पाणी कुठून किती आणलं, पाऊस किती, गाळखड्डा किती भरला, गाड्या किती आल्या, कुणाची तक्रार आली. आठवड्यातून एकदा ही वही सरपंचांना किंवा घरमालकाला दाखवा. तक्रार तोंडी असतानाच मिटते.

अकरावी पायरी: आवरणं आणि पहिला पावसाळा

काम संपल्यावर मिक्सरची जागा आणि गाड्यांचा रस्ता जमीन दाबून टणक झालेला असतो. तो नांगरून किंवा टिकावानं मोकळा करा, मग राखून ठेवलेली सुपीक माती पसरा. उतारावर स्थानिक गवत आणि वाळ्याची रोपं लावा, कडेला करंज, कडुनिंब, जांभूळ. शौचालयाचे तात्पुरते खड्डे भरून झाका, धुण्याच्या खड्ड्यातला कागद काढून टाका. वरच्या बाजूचा चर मात्र बुजवू नका. तो कायमचा दगडी करून घ्या. छपराचं पाणी पन्हाळीनं शोषखड्ड्यात किंवा, विहीर जवळ असेल तर, गाळण बसवून पुनर्भरणाला द्या.

ठेकेदाराच्या बिलातली काही रक्कम पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवायची अट करारात असावी. जुलैत सलग दोन दिवस पाऊस झाला की छत्री घेऊन जागेवर जा आणि चार ठिकाणं पाहा: जोत्याभोवतीची भर बसली का, भिंतीच्या नळ्यांतून पाणी येतंय का, चराचं तोंड कुठे कापलं गेलं आणि ओढ्याला मिळणारं पाणी किती गढूळ आहे. जिथे खचलंय तिथे पाऊस उघडताच, मुरमात ओल असेपर्यंत, थर देऊन धुम्मस मारून घ्या. दिवाळीपर्यंत थांबलात तर वाळलेली भर तितकी दाबली जात नाही आणि त्यासाठी पुन्हा टँकर आणावा लागतो. ही दुरुस्ती झाली, की राहिलेलं बिल द्या.